तांबडीचं बाळंतपण

एका गावात एक सुईण होती, आणि त्या गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस आधी तिच्या हातात आलं होतं, मग आपल्या आईच्या कुशीत. त्यामुळे पाटील असो की पाटलाची गुरं राखणारा, तिला सगळे सारखेच. कुणी फार तोरा मिरवू लागलं, तर ती भर चावडीवर विचारायची, "जन्मलास तवा कसा दिसत हुतास, सांगू का समद्यांना?" तोरा तिथल्या तिथे उतरायचा.

गाव तिला सुईणआत्या म्हणायचं. नवरा कधीचाच वारला होता, स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण तिचं घर सुनं कधी वाटायचं नाही. कुणी ना कुणी धावत दारात यायचं, "आत्या, चला, कळा सुरू झाल्यात," म्हणायचं, आणि आत्या पदर खोचून हातातलं काम टाकून निघायची.

आत्याचे नियम फार कडक. बाळंतिणीच्या खोलीत वाऱ्याला फट ठेवायची नाही. बाजेखाली शेगडी हवीच. बाळाला कढत पाण्याची अंघोळ, अंगभर तेल, मग वेखंड-ओव्याची धुरी, आणि शेवटी असं घट्ट गुंडाळायचं की नाक तेवढं बाहेर दिसावं. पण सगळ्यात मोठा नियम पाण्याचा. बाळंतिणीने पाणी प्यायचं नाही. ओवा घालून उकळलेलं घोटभर मिळेल, तेही आत्या देईल तेव्हाच. पाण्याने अंगात थंडी शिरते आणि ती दुधातून बाळाला बाधते, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूने. त्याच्या मागे जाऊन कुणी विचारलं नव्हतं.

बायका पाणी मागायच्या. जवळजवळ सगळ्याच मागायच्या. आत्या त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणायची, "गप ऱ्हा गं बाय. तुला काय कळतंय? तुझं भलं मला कळतंय." तिची नजर अशी की चोरून प्यायचीही सोय नव्हती. शेजारच्या कुंभारणीने मागच्या खेपेला उशाशी पडलेल्या ओल्या फडक्याचं टोक हळूच तोंडात धरलं होतं. आत्याने ते पाहिलं, आणि फडकं उचलून वळणीवर टाकलं.

आता कुणी म्हणेल, आत्या दुष्ट होती. छे! बाळंतिणीसाठी ती स्वतःच्या तोंडचा घास द्यायची. बाळ रडायला लागलं की आत्या पुढचं ताट सारून उठायची. तिची माया खरीच होती. फक्त त्या मायेला कान नव्हते, एवढंच.

आत्याच्या मागे मागे एक कुत्री असायची. रंगाने तांबूस, म्हणून नाव तांबडी. लहान असताना कुणीतरी वेशीबाहेर टाकून दिलेली, आत्याने भाकरीचा तुकडा घातला आणि ती कायमची चिकटली. आत्या बाळंतपणाला गेली की तांबडी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसून राहायची. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं की कान टवकारायची, शेपटी हलवायची आणि पुन्हा हनुवटी पायांवर टेकायची. गावातली कितीतरी बाळंतपणं तिने अशी बाहेर बसून ऐकली होती.

तर ही तांबडी गाभण राहिली. पहिलीच खेप. आत्याला कोण आनंद झाला! "हिचं बाळंतपण म्या करनार," तिने आधीच जाहीर करून टाकलं. कुत्री गावात दरसाल विते आणि तिला कुणी शेगडी देत नाही, हे आत्यालाही ठाऊक होतं. पण तांबडी तिला कुत्री वाटतच नव्हती. तांबडी म्हणजे तिच्या घरातली माहेरवाशीण होती.

आणि इथूनच आत्याच्या गोंधळाला सुरुवात झाली.

एके सकाळी आत्या नदीवर धुणं घेऊन गेली होती. परत येऊन पाहते, तो मागच्या पडवीत, गोवऱ्यांच्या आडोशाला, जुन्या पोत्यावर तांबडी आडवी पडलेली, आणि तिच्या पोटाशी काहीतरी वळवळतंय. पिल्लं! पाच पिल्लं. डोळे मिटलेली, उंदराएवढी, ओलीचिंब. तांबडीने हाकही मारली नव्हती की कण्हलीही नव्हती. नाळा तिने आपल्या दातांनीच तोडल्या होत्या, आणि नाळेमागून पडणारी वारसुद्धा गिळून टाकली होती.

"अगं माझे बाय!" आत्याने कपाळावर हात मारला. "वार गिळलीस? ती पुरायची असती गं!"

कुंपणापलीकडे कुंभारीण मडकी उन्हात मांडत होती. तिला पुन्हा दिवस गेले होते, पोट चांगलंच पुढे आलं होतं. ती कुंपणावरून वाकून हसायला लागली. "आत्या, तुमच्या आधीच मोकळी झाली की वो ती!"

"हसू नगंस. पहिलटकरीण हाय. तिला काय कळतंय?"

झालं. आत्याने चुलीवर हंडा चढवला. एकेक पिल्लू उचलून कढत पाण्याने न्हाऊ घातलं, तेल चोळलं, शेगडीत वेखंड टाकून धुरी दिली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत गुंडाळलं. पाच मुटकुळी ओळीने मांडली. काय छान दिसत होती! आत्या समाधानाने मागे सरकली आणि म्हणाली, "घे गं, आता पाज."

तांबडीने मुटकुळ्यांचा वास घेतला. शिंकली. पुन्हा वास घेतला, आत्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि इकडेतिकडे काहीतरी शोधू लागली. पिल्लं तिच्या नाकासमोर होती, आणि ती पिल्लं शोधत होती!

"ही काय तऱ्हा?" आत्या म्हणाली. "सोताची पोरं वळखू येईनात व्हय?"

मग तांबडीने दातांनी पट्ट्या ओढायला सुरुवात केली. एक पिल्लू मोकळं केलं आणि त्याला पोटापासून शेपटीपर्यंत खसाखसा चाटू लागली. आत्याने ते पिल्लू उचललं, पुन्हा तेल लावलं, पुन्हा गुंडाळलं. तांबडीने पुन्हा सोडलं. आत्याने पुन्हा गुंडाळलं. दोघीही हट्टी. दोघींनाही वाटत होतं की समोरची पोरांच्या जिवावर उठली आहे.

दुपारी आत्याने तुपातली आळिवाची खीर केली. तांबडीने ती हुंगली, जिभेने जराशी चाटली आणि उठून अंगणाकडे चालू लागली. तिथे गुरांसाठी पाण्याची दगडी डोण होती.

"आरं देवा, पानी!" आत्या धावली. तिने तांबडीच्या गळ्यात दावं अडकवून तिला पडवीच्या खांबाला बांधून टाकलं, आणि डोणीवर फळी घातली. "ओली बाळंतीण तू, आन् गार पानी पितीस? पोरं कुडकुडून मरतील की." मग घोटभर ओव्याचं पाणी वाटीत घालून तिच्या पुढ्यात ठेवलं. तांबडीने वाटी उलटी केली.

संध्याकाळपर्यंत पडवीत कुईकुई सुरू झाली ती थांबेना. आत्याने सहाणेवर गुटी उगाळली आणि पिल्लांच्या तोंडात बोटाने लावली. त्यांनी ती थुंकली. तिने मीठ-मोहऱ्यांनी पाचांची दृष्ट काढली, मग वाटलं आईलाच लागली असेल, म्हणून तांबडीचीही काढली. कुईकुई वाढली. पिल्लं आचळाला लागत होती, ओढत होती आणि सोडून रडत होती. तांबडीची जीभ बाहेर लोंबत होती, आणि ती एकटक फळी घातलेल्या डोणीकडे बघत होती.

आत्या तिच्या शेजारी बसून होती. आजवर एवढी बाळंतपणं केली, कधी म्हणून गोंधळली नव्हती. मूल आडवं आलं तरी तिचा हात चुकला नव्हता. आणि आज ही बोटभर पिल्लं तिला चक्रावून टाकत होती. शेक दिला तर रडतात, काढला तर रडतात. गुंडाळलं की आई सोडते, सोडलं की आपल्याला राहवत नाही. नेमकं चुकतंय कुठे, हे तिला काही केल्या उमजेना. जे ठाऊक होतं ते सगळं करून झालं होतं, आणि ते करूनही पुरेना म्हणून ती तेच पुन्हा पहिल्यापासून करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दावं कुरतडलेलं, आणि तांबडी गायब.

"पळाली!" आत्या ओरडली. "पोरं टाकून पळाली गं रांड!" एरवी आत्याच्या तोंडी असा शब्द यायचा नाही, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिला शोधत आत्या कुंपण ओलांडून कुंभाराच्या अंगणात गेली. कुंभाराने माती भिजत घालायचा हौद भरून ठेवला होता. माती तळाशी बसली होती आणि वर नितळ पाणी उभं होतं. तांबडी हौदाच्या काठावर पुढचे पाय टेकून पाणी पीत होती. पीतच होती. तिच्या घशाचा गटगट आवाज अंगणभर ऐकू येत होता. मध्ये दम घ्यायला थांबायची, आणि पुन्हा तोंड बुडवायची.

कुंभारीण मातीने भरलेले हात तसेच धरून उभी होती. आज ती हसत नव्हती. तांबडीच्या पिण्याकडे ती अशी बघत होती की जणू स्वतःच पीत आहे. आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, तिला एकदम वळणीवर टाकलेलं ते ओलं फडकं आठवलं. पण तेव्हा विचार करायला सवड कुठे होती!

कारण तांबडी पाणी पिऊन झाल्यावर सरळ पडवीत आली. तिने एक पिल्लू पट्टीतून ओढून काढलं आणि त्याचं डोकं तोंडात धरलं.

मांजर पिल्लांना तोंडात धरून नेते, हे आत्याने शंभरदा पाहिलं होतं. कुत्रीही नेते, हेही पाहिलं असेल. पण त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की आईच्या जबड्यात पोर आहे. "खाल्लं! खाल्लं!" म्हणत ती खराटा घेऊन मागे धावली. तांबडी खराट्याला चुकवून कुंपणाच्या फटीतून निसटली, आणि कुंभाराच्या छपरीत शिरली. तिथे भट्टीत मडकी रचताना लागणाऱ्या उसाच्या वाळक्या पाचटाचा ढीग होता. त्याच्या मागे कोपऱ्यात पिल्लू ठेवून ती परत आली. दुसरं नेलं. तिसरं नेलं. चौथंही नेलं.

पाचवं मात्र आत्याने उचलून छातीशी धरलं. सगळ्यात लहान, सगळ्यात अशक्त. "ह्ये न्हाई द्यायची," ती म्हणाली, आणि घरात जाऊन तिने दाराला कडी घातली. "बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. ह्ये एक तरी म्या जगवनार."

आता आत्याकडे जे जे होतं ते सगळं त्या एका जिवासाठी होतं. शेळीचं दूध आणून कापसाच्या वातीने तोंडात पिळलं. ते ओठांवरून ओघळून गेलं. शेगडी जवळ घेतली. पिल्लू वरून तापलं आणि आतून गारच राहिलं. त्याचं पोट टम्म फुगलं होतं, गोटीसारखं कडक. आत्याने हिंग लावला, पोट चोळलं, गुटी दिली. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मोठ्याने रडणारं मूल सुईणीला भीती घालत नाही. आवाज बारीक होतो, तेव्हा तिला भीती वाटते. आत्याला ती भीती चांगली ठाऊक होती.

दारावर खरखर झाली. आत्याने फटीतून पाहिलं.

तांबडी उंबऱ्याबाहेर बसली होती. भुंकत नव्हती, गुरगुरत नव्हती. गावातल्या इतक्या घरांबाहेर जशी बसायची, तशीच पुढचे पाय जुळवून, कान टवकारून बसली होती. फरक एवढाच की त्या घरांत दुसऱ्यांची बाळं होती.

तिच्या मागे कुंभारीण येऊन उभी राहिली. "आत्या," ती दाराबाहेरून म्हणाली, "ती मागाया आलीया."

"न्हाई देत. तिनं टाकलं, मारलं तर?"

"चौघं गप पडल्यात पाचटात. प्यालीत आन् झोपलीत. म्या सोता बघून आले."

आत्याला हे खरंच वाटेना. धुरी नाही, तेल नाही, शेक नाही, आणि गप झोपलीत? थंड पाणी प्यालेल्या आईचं दूध पिऊन? तिने हातातल्या पिल्लाकडे पाहिलं. ज्याला सगळं दिलं, ते हे. ज्यांना काहीच दिलं नाही, ती तिकडे गाढ झोपलेली. हा कुठला हिशेब? इतक्या वर्षांचं शहाणपण एकीकडे सांगत होतं, कडी काढू नको. आणि तळहातावरचा तो थंड पडत चाललेला जीव काहीच सांगत नव्हता. त्याची सांगायची ताकदच संपत आली होती.

आत्याला काही कळलं म्हणून तिने कडी काढली असं नाही. आपल्याला काहीच कळत नाहीये, एवढंच तिला कळलं, आणि तिने कडी काढली.

तिने पिल्लू पट्ट्यांतून मोकळं केलं आणि उंबऱ्यावर तांबडीपुढे ठेवलं. तांबडीने वास घेतला. तेल, हिंग, वेखंड, धूर! तिने नाक मागे घेतलं. आत्याला वाटलं, आता ही आई याला टाकणार, आणि टाकलं तर ते आपल्या हाताच्या वासामुळे टाकणार.

पण तांबडीने पिल्लाला अलगद उचललं आणि कुंभाराच्या छपरीकडे चालू लागली. आत्या आणि कुंभारीण मागून गेल्या. पाचटाच्या कोपऱ्यात अंधार होता, ऊब होती, कोरडं होतं. तांबडीने पिल्लू खाली ठेवलं, जिभेने उलटं केलं आणि चाटायला सुरुवात केली. केवढी ती खरबरीत जीभ! पिल्लू इकडून तिकडे लोळत होतं. "अगं हळू! फाटंल की ते!" म्हणत आत्याचे हात पुढे गेले.

मग ते अर्ध्यावर थांबले. आत्याने हात मागे घेतले. पण त्या हातांचा काही भरवसा नव्हता, त्यांना आयुष्यभराची सवय होती. म्हणून आत्या पाचटावर मांडी घालून बसली आणि आपले दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून ठेवले. सुईण म्हणून ती पहिल्यांदाच अशी बसली होती.

तांबडीने पाठीवरचं तेल चाटलं, कानातला धूर चाटला. मग पिल्लाचं फुगलेलं पोट चाटायला लागली, खालपर्यंत, पुन्हा पुन्हा. आत्याला वाटलं, आता संपलं. आणि तेवढ्यात पिल्लाने मुतायला सुरुवात केली. एवढंसं ते पिल्लू, पण मुतलं म्हणजे मुतलं! तांबडीने तेही चाटून साफ केलं. गोटीसारखं पोट मऊ पडलं. पिल्लाने तोंड उघडून एक मोठी हाक दिली, आणि आंधळेपणाने भावंडांच्या अंगावरून सरपटत जाऊन एका आचळाला लागलं.

"मुतायचं अडलं हुतं व्हय त्याचं," आत्या पुटपुटली. "म्या आपली गुटी देत बसले."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. ती दोन्ही एकदम करू लागली, तेव्हा कुंभारीण तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

"आता काय करू गं?" आत्याने विचारलं. हा प्रश्न तिने कुणालाही कधी विचारला नव्हता.

"मला काय ठावं? तिलाच बघा की."

आत्या तांबडीकडे बघत राहिली. तांबडीने मान उचलून कुठे पाहिलं, तर बाहेरच्या हौदाकडे. आत्या उठली, एका पसरट परळात पाणी भरून आणलं आणि हाताच्या अंतरावर ठेवलं. तांबडीने पिल्लांवरून न उठताच मान लांब करून परळ रिकामा केला. आत्याने पुन्हा भरला. संध्याकाळी ताकात कुस्करलेली भाकरी दिली, ती तिने चाटूनपुसून खाल्ली. छपरीच्या ज्या बाजूने वारा यायचा तिथे आत्याने पोतं टांगलं. बघायला येणाऱ्या बायकापोरांना तिने दारातूनच परतवलं. कुंभार भट्टी रचायला आला आणि म्हणाला, "माझं पाचट अडकलं की वो आत्या." आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दुसरं पाचट आणायला गेला.

पाचही पिल्लं जगली. त्यांचे डोळे उघडले, ती धडपडत चालायला लागली, कुंभाराच्या ओल्या मडक्यांवर पाय उमटवायला लागली. ते धाकटं शेवटपर्यंत चणीने लहानच राहिलं, पण आवाज त्याचा सगळ्यांत मोठा.

आत्याचा गोंधळ मात्र मिटला नाही. उलट वाढला. पिल्लांकडे बघता बघता तिच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता. तांबडी पाणी प्यायली आणि काही झालं नाही. मग त्या बायकांना मी पाणी दिलं नाही, ते कशासाठी? त्या जगल्या त्या माझ्यामुळे, की मी असूनसुद्धा? आणि ज्या दोघीतिघी जगल्या नाहीत? याचं उत्तर द्यायला सासू नव्हती, सासूची सासूही नव्हती. आत्या चुलीवर दूध ठेवायची आणि विसरायची. विहिरीवर जायची आणि घागर घरी राहायची. रस्त्यात एखादी लेकुरवाळी भेटली, की तिच्या ओठांकडे बघत उभी राहायची. लोक म्हणू लागले, "आत्याला भ्रम झाला."

अशातच एका सकाळी कुंभार दारात आला. "आत्या, चला. कळा सुरू झाल्यात."

आत्या गेली. मागून तांबडी गेली आणि उंबऱ्याबाहेर बसली. या वेळी तिच्या भोवती पाच पिल्लांचा धुडगूस होता.

आत्याचे हात अजून तसेच होते. दुपारच्या आत कुंभारणीला मुलगी झाली, गुटगुटीत, काळ्याभोर जावळाची. आत्याने बाळ पुसून आईजवळ दिलं. सवयीने शेगडी बाजेखाली सरकवली. सवयीने खिडकी लावायला हात वर केला, आणि तो खाली घेतला.

मग ती बाजेजवळ जमिनीवर बसली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून कुंभारणीकडे बघू लागली.

कुंभारीण बावरली. "आत्या, काय चुकलं का वो माझं?"

"न्हाई गं."

कुंभारणीचे ओठ सुकून त्यांना चिरा पडल्या होत्या. पण ती काही मागत नव्हती. मागून काय होतं ते तिला मागच्या खेपेलाच कळलं होतं. उशाशी घाम पुसायचं ओलं फडकं पडलं होतं. तिची नजर त्याच्यावर गेली, मग चोरटी होऊन आत्याकडे गेली. आणि आत्याने काही म्हणायच्या आतच तिने ते फडकं स्वतःच्या हाताने उशापासून लांब ढकललं.

आत्याने ते पाहिलं. मुक्या जनावरापुढे तिने हात आवरले होते. आणि ही तर बोलणारी बाई, आपल्याच धाकाने मुकी झालेली.

"पोरी," आत्याने पुढे वाकून विचारलं, "तुला काय पायजे?"

कुंभारणीला प्रश्नच कळेना. बाळंतिणीला असं कुणी विचारत नाही. "काय न्हाई," ती म्हणाली.

"खरं सांग."

मग कुंभारीण भिंतीकडे तोंड करून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "पानी."

आत्या उठून रांजणापाशी गेली. खरं सांगायचं तर त्या घडीलाही तिला खात्री नव्हती. तांब्या बुडवताना जन्मभराचा नियम तिचं मनगट धरून मागे ओढत होता. कुत्रीचं निराळं, बाईचं निराळं असेल तर? तरीही तिने तांब्या काठोकाठ भरला आणि कुंभारणीच्या हातात दिला.

कुंभारणीने तांब्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. "किती पिऊ?"

"तहान असंल तितकं."

ती प्यायली. घशाचा गटगट आवाज खोलीभर ऐकू येत होता. आत्याने हा आवाज हौदाच्या काठावर ऐकला होता. मधे दम घ्यायला कुंभारीण थांबली, आणि पुन्हा तिने तांब्या तोंडाला लावला. बाहेर तांबडीने कान टवकारले, शेपटी हलवली आणि हनुवटी पायांवर टेकली.

रिकामा तांब्या हातात घेऊन आत्या म्हणाली, "आजून आनू?" आणि ती रडू लागली. या एका बाईसाठी नव्हे. ज्यांना तिने कधीच विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांसाठी ती रडत होती.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: ज्याची सेवा करायची, त्याला आधी विचारावं, त्याला बोलता येत नसेल तर हात आवरून त्याच्याकडे बघावं, आणि बोलता येत असूनही तो गप्प असेल, तर तो आपल्याला भिऊन तर गप्प नाही ना, हे आधी पाहावं.